वर्दी हवी आहे की केस?

पत्र: "वकीलताई, नमस्कार. मी कळव्याला राहते. यंदा बारावी सायन्स झाले, ७१ टक्के. मला लहानपणापासून वर्दीचं वेड आहे, आणि गुन्हा कसा उलगडतो ते वाचायला, बघायलाही फार आवडतं. एका खासगी विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि पोलीस सायन्सची तीन वर्षांची पदवी आहे. फी वर्षाला एक लाख ऐंशी हजार. तिथले सर म्हणाले, ही पदवी असली की पोलिसांत थेट अधिकारी म्हणून घेतात. बाबा टीएमटीत कंडक्टर आहेत. त्यांनी दहा हजार टोकन भरलंय, बाकीचं कर्ज काढू म्हणतात. मामाचं मत वेगळं आहे. स्टेशनजवळ फायर अँड सेफ्टीचा डिप्लोमा आहे, तो केलास तर वर्षभरात अग्निशमन दलात लागशील, असं तो म्हणतो. आईला रात्रपाळीची कुठलीच नोकरी नको आहे. मी रोज सकाळी खारेगावच्या रस्त्यावर पळते, उंची पाच फूट दीड इंच आहे. काय करू?" (नाव राखून ठेवलं आहे)

पळण्याच्या वाक्याला जोडून, अगदी शेवटी, तू उंची लिहिली आहेस. माझ्या मते अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

पाच फूट दीड इंच म्हणजे १५६ सेंटिमीटर आणि वर थोडं. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायला मुलीची उंची किमान १५५ लागते. तिथे तू बसतेस. एमपीएससीतून थेट फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक व्हायचं तर किमान १५७ लागते, तीही अनवाणी मोजून. तिथे तू सेंटिमीटरभरही नाही इतक्या फरकाने अडतेस. आणि गंमत बघ, यूपीएससी देऊन आयपीएस व्हायचं तर महिलांना १५० चालते. म्हणजे कागदोपत्री तू शिपाई होऊ शकतेस, एसपी होऊ शकतेस, मधली फौजदार तेवढी होऊ शकत नाहीस. नियम करणाऱ्यांनी हे तीन कागद कधी शेजारी ठेवून वाचले असतील असं वाटत नाही. पण भरतीच्या दिवशी पट्टी धरणारा हवालदार तुझ्याशी वाद घालायला बसलेला नसतो.

म्हणून पहिलं काम, नीट माप घे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने घेतलेलं माप धरू नकोस. दवाखान्यात जा आणि सकाळीच जा. दिवसभरात मणक्याच्या चकत्या दबतात, त्यामुळे संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. सकाळचं माप १५७ आलं तर फौजदारीचा विचार शिल्लक ठेव. नाही आलं तर उंची वाढवणाऱ्या पावडरींवर बाबांचा एक रुपयाही घालवू नकोस. ज्या सरांनी टोकन घेतलं त्यांनी तुझी उंची विचारली होती का, ते मला कळव. माझा अंदाज आहे, नसावी.

आता 'थेट अधिकारी' या शब्दांकडे येते. असं होत नाही. शिपाई व्हायला बारावी पास लागते, त्यानंतर मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा. फौजदार व्हायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यानंतर एमपीएससीची पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी, मुलाखत आणि मग नाशिकच्या अकादमीतलं प्रशिक्षण. बीए मराठी झालेली मुलगी आणि क्रिमिनॉलॉजी झालेली मुलगी त्या रांगेत एकाच जागी उभ्या असतात. हे तपासायचा सोपा मार्ग सांगते. मागच्या भरतीची जाहिरात शोध, तिच्यातला 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद वाच आणि त्याची प्रिंट घेऊन त्या सरांसमोर ठेव. म्हण, "सर, आपल्या पदवीचं नाव यात कुठे आहे ते दाखवा, आणि 'थेट अधिकारी' हे लेटरहेडवर लिहून द्या." तोंडी आश्वासनं देणारी माणसं लेखी मागितलं की मीटिंगमध्ये असतात.

क्रिमिनॉलॉजी हा विषय वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. तो शिकवणाऱ्या चांगल्या जागा आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. २००९ साली गुजरात सरकारने रक्षा शक्ती विद्यापीठ म्हणून ते काढलं, २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय झालं. पोलीस प्रशासन, अंतर्गत सुरक्षा हे विषय तिथे शिकवतात. त्याच वर्षी राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजे फॉरेन्सिक सायन्स) विद्यापीठही झालं, तेही गांधीनगरलाच. आणि खाडीपलीकडे देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात एमए करता येतं. त्या संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि पोलीस कोठडीतल्या माणसांसोबत काम करतो. तिथून शिकलेली मुलं मी कोर्टात पाहिली आहेत. ज्या कच्च्या कैद्याचा जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, त्याच्या घरच्यांना शोधून आणतात. परिवीक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह या क्षेत्रात या शिक्षणाला अर्थ आहे. पण हे वर्दीचं काम नव्हे, आणि या वाटेवर जायला बारावीनंतर पाच लाख चाळीस हजार मोजायची गरज नाही.

माझा खरा प्रश्न इथे येतो. तू दोन गोष्टी एका वाक्यात लिहिल्या आहेस, वर्दीचं वेड आणि गुन्हा उलगडण्याची आवड. तुला त्या एकच वाटतात. मी ठाण्याच्या कोर्टनाक्यावर वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, त्यामुळे या दोन गोष्टी किती लांब लांब राहतात ते रोज बघते.

समज, एका सोसायटीत रात्री खून झाला. फोन येतो, बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, पोचतात, गर्दी मागे हटवतात, दोरी बांधतात. फिर्याद लिहून घेतो ठाणे अंमलदार. तपास जातो निरीक्षक, सहायक निरीक्षक किंवा फौजदाराकडे. पंच बोलावतात, पंचनामा होतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यानुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करायचे असतात. ही तरतूद राज्यांनी पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. रक्त, कपडे, हत्यार, मोबाईल, सगळं लाखेने सील होतं, लेबलवर पंचांच्या सह्या होतात, मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला नोंद पडते. मग एखादा शिपाई ती पाकिटं पिशवीत घालून कलिन्याच्या प्रयोगशाळेत नेऊन देतो आणि पोच आणतो. प्रयोगशाळेत कुणी विश्लेषक ते तपासतो आणि अहवाल लिहितो, ज्याला आम्ही सगळे अजून सीए, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा, रिपोर्ट म्हणतो. आरोपी कोठडीत असेल तर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र जायला हवं, नाहीतर तो जामिनाचा हक्कदार होतो. पुढे सरकारी वकील, साक्षीपुरावा, उलटतपासणी.

आणि केस कुठे पडते माहीत आहे? बहुतेकदा या साखळीतल्या फार कंटाळवाण्या जागी. सील कुणी केलं? पाकीट ठाण्यात किती दिवस पडून होतं, कुठल्या कपाटात? कपाटाची किल्ली कुणाकडे होती? शिपाई बुधवारी निघाला आणि प्रयोगशाळेची पोच शुक्रवारची आहे, मग गुरुवारी मुद्देमाल कुठे होता? हे प्रश्न मीच विचारते. समोरचा तरुण अधिकारी घाम पुसत रजिस्टरची पानं उलटतो, कारण त्याने तपास प्रामाणिक केलेला असतो आणि नोंद ठेवायला विसरलेला असतो. ज्याला 'गुन्हा उलगडणं' म्हणतात त्यातलं निम्म्याहून जास्त काम असं कारकुनी असतं. तुला यात रस वाटला तर तू या क्षेत्रात टिकशील. हे वाचून जांभई आली असेल तरीही बरं झालं, आत्ताच कळलं.

या साखळीत शिपाई म्हणून तुझ्या वाट्याला काय येईल? पहिली काही वर्षं बंदोबस्त, समन्स बजावणी, आरोपीला कोर्टात आणणं, महिला आरोपीची अंगझडती, नाकाबंदी. तपास लगेच हातात येत नाही. हवालदार झाल्यावर लहान गुन्ह्यांचा येतो, पुढे सहायक उपनिरीक्षक. खात्यांतर्गत परीक्षेने फौजदार झालेलेही आहेत, आणि कोर्टात ते मला जास्त त्रास देतात, कारण त्यांना ठाण्यातली प्रत्येक वही माहीत असते. वर्दी हवी असेल तर ही वाट खरी आहे आणि मानाची आहे. गर्दी मात्र लक्षात घे. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते, आणि मैदानी चाचण्या ऐन जूनच्या पावसात झाल्या.

तू रोज पळतेस हे छान, पण रस्त्यावर पळून वेळ कळत नाही. मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. आठशेला पूर्ण वीस गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यायला लागतं. मोजलेल्या ट्रॅकवर, घड्याळ लावून, आठवड्यातून एकदा तरी बघ. गोळ्याकडे मुली दुर्लक्ष करतात आणि तिथेच गुण घालवतात. चार किलोचा गोळा आणि शिकवणारं कुणीतरी, एवढं पुरतं. मैदानात निम्मे गुण पडले तरच लेखीचा विचार होतो, आणि तिथेही एका जागेला दहा जणांनाच बोलावतात. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण असतं. सायन्सची मुलं व्याकरणात गळतात, म्हणून आत्तापासून समास आणि प्रयोग काढून ठेव.

मामाच्या डिप्लोम्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुझ्यापुरता तो प्रश्न लवकर सुटतो. महापालिकांच्या अग्निशामक भरतीच्या जाहिरातींत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. हे केंद्र कलिन्याला विद्यापीठाच्या परिसरात आहे. दहावीनंतर अग्निशामकाचा आणि पदवीनंतर वर्षभराचा उपस्थानक अधिकाऱ्याचा, असे दोन कोर्स तिथे होतात. त्यावर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, जिथे फायर इंजिनीअरिंगची पदवी मिळते. हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये तिथे दाखल झालेली पहिली मुलगी, तेव्हा तिथे मुली येतील असं कुणी धरलंच नव्हतं. स्टेशनजवळच्या खोलीत मिळणाऱ्या डिप्लोम्याचं नाव पालिकेच्या जाहिरातीत नसतं. तो घेऊन इमारतींत किंवा कंपनीत खासगी नोकरी मिळू शकते, आणि ती वाईटही नाही. २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याने प्रत्येक मोठ्या इमारतीला दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. घोडबंदर रोडवरचे टॉवर मोजलेस तरी किती माणसं लागत असतील ते कळेल. पण मामाने तुला सांगितलं ते अग्निशमन दल. तिथे पुन्हा उंची आडवी येते. मुंबई अग्निशमन दलाच्या २०२३ च्या भरतीत मुलींना १६२ सेंटिमीटरची अट होती, आणि दहिसरच्या मैदानावर त्यावरून मुलींनी आंदोलनही केलं होतं.

हे लिहिताना हात जरा अडखळतो, कारण आगवाल्यांबद्दल मला फार आदर आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ६६ जवान गेले, त्यांच्यासाठीच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीत तर मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी गेले. प्रमुख स्वतः आत जातो असं खातं दुसरं मला माहीत नाही. तुझी उंची बसत असती तर मी मामाच्या बाजूने बोलले असते, फक्त डिप्लोमा बदलायला लावून.

आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. पोलिसांत रात्रपाळी आहे, गणपतीत रजा नाही, निवडणुकीत नाही, दिवाळीत बहुतेक नाही. २०२२ मध्ये महिला अंमलदारांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला, तरी बंदोबस्ताच्या दिवशी घड्याळ कुणी बघत नाही. पण आईला दुसरी बाजूही सांग. कायद्याने बाईची झडती घ्यायला बाईच लागते, आणि अटकेत तिला हात लावायलाही एरवी बाईच लागते. ज्या रात्री ठाण्यात महिला अंमलदार नसते त्या रात्री तक्रार घेऊन आलेल्या बाईचं काय होतं, हे आईला कुणी सांगायची गरज नसावी. त्यानंतरही ती नको म्हणाली तर तुमच्या घरातलं भांडण तुम्ही मिटवा, मी त्यात पडत नाही.

आता मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी. तुझ्या घरापासून एका स्टेशनावर, चेंदणीला खाडीकाठी, बांदोडकर महाविद्यालय आहे. फी त्या एक लाख ऐंशी हजारांच्या जवळपासही जाणार नाही. रसायनशास्त्र का? न्यायसहायक प्रयोगशाळांच्या भरतीत तपासणीच्या जागांना मुख्यतः विज्ञानाची पदवी लागते, सात वर्षांच्या त्या नव्या कलमाने तिथलं काम वाढणार आहे, आणि त्या कामाला उंची लागत नाही, रात्रपाळीही क्वचित. प्रयोगशाळेत नाहीच जमलं तर ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनशास्त्राची मुलगी उपाशी राहत नाही. काही वर्षं कारखान्यात काढून औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा केलास तर सेफ्टी ऑफिसरही होता येतं. मोठ्या कारखान्याला तो नेमावाच लागतो. थेट न्यायसहायक विज्ञानच शिकायचं असेल तर मुंबईत मादाम कामा रस्त्यावर शासकीय संस्था आहे, तिथला प्रवेश जरूर बघ. मात्र खासगी कॉलेजात त्या नावाखाली लाखो रुपये मागितले तर साधी केमिस्ट्री बरी.

कॉलेजात एनसीसी असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव घाल. 'सी' प्रमाणपत्राला पोलीस भरतीत वाढीव गुणांची तरतूद आहे, आणि परेडची सवय होते ती वेगळीच. बीएस्सी चालू असताना शिपाई भरती निघाली की फॉर्म भर. खुल्या प्रवर्गाला २८ वर्षांपर्यंत मुभा आहे, राखीव प्रवर्गाला ३३, तेव्हा आत्ताच घाई करून हातघाईवर येऊ नकोस. निवड झाली तर माझ्या मते रुजू हो, पदवी मुक्त विद्यापीठातून पुरी होते, खात्यातली कितीतरी मुलं तशी करतात. कारागृह शिपायांच्या जागाही याच भरतीत निघतात, तिकडेही लक्ष ठेव. सकाळचं माप १५७ आलं तर शेवटच्या वर्षापासून एमपीएससीचा अभ्यास. त्यासाठी ठाणे पालिकेचीच चिंतामणराव देशमुख संस्था आहे, महागड्या क्लासच्या आधी तिथे चौकशी कर.

तिसरी वाट माझी स्वतःची, म्हणून ती जास्त रंगवत नाही. पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, होण्याची परीक्षा एमपीएससीच घेते. पोलिसांनी आणलेली केस उभी करणं किंवा पाडणं, हे त्या खुर्चीतून होतं. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात २०२४ पासून मिळणारी सवलत आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. कोणत्या प्रवर्गांना आणि कोणत्या कॉलेजांना, ते प्रवेशाच्या वेळी वाच.

कुठलीही वाट धरण्याआधी एक दिवस कोर्टनाक्याला ये. न्यायालय खुलं असतं, कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं. मोबाईल बंद ठेव, साधे कपडे घाल, सत्र न्यायालयात खुनाची साक्ष कुठे चालू आहे ते शिपायाला विचार. सकाळी अकराला बस आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऊठ नकोस. तपास अधिकारी साक्षीला असेल तर नशीब समज. बाबांनाही एखाद्या साप्ताहिक सुट्टीला घेऊन ये.

आता टोकन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शुल्क परताव्याचे नियम काढले. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश सोडला तर जवळपास पूर्ण रक्कम परत द्यावी लागते, जितका उशीर तितकी कपात वाढत जाते. म्हणून फोन करत बसू नका. बाबांच्या नावाने एक साधा अर्ज लिहा: अमुक तारखेला अमुक पावतीने दहा हजार भरले, प्रवेश घ्यायचा नाही, आयोगाच्या नियमानुसार रक्कम परत करावी. पावतीची झेरॉक्स जोडा, दोन प्रती करा, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि तोच मजकूर ईमेलही करा. "टोकन नॉन-रिफंडेबल आहे" असं म्हणतील. कुठल्या नियमाने, ते त्यांनाही लेखी द्यायला सांगा, आणि उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठव.